कमळजाबाईसाहेबांचा गुडघा आणि ताटास न लागणारे वंगण

श्री. ज्याच्या कृपेने हाडावर हाड सरकते आणि कानास कळत नाही, त्या सर्व सांध्यांच्या धन्यास पहिले नमन. ज्यांचे गुडघे अद्याप वाजत नाहीत त्या श्रोत्यांस दुसरे नमन. त्यांनी फार हसू नये, पाळी सर्वांची आहे. शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, ते दिवसापासोन पुढे जे वर्तले ते यथामति लिहितो. त्यात पदरचे काही घातले नाही. दरबारातून बाहेर पडताना ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर जे शिल्लक दिसले तेवढेच जमेस धरले आहे.

एक राज्य होते. त्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले म्हणजे शेजारची राज्ये 'आमच्याकडे ऐसे नाही' म्हणोन खुशाल निजतात. ते राज्याच्या धनीण कमळजाबाईसाहेब. वयाने साठीच्या पुढे, जात्याच कडक, मनाने सरळ, आणि सरळ माणसास जो एक रोग असतो तो त्यांसही होता की एकदा मानलेला नियम मोडणे त्यांस ठावे नव्हते. ते राज्यात भुईदरबाराची चाल होती. वर्षातून एक दिवस गादी गुंडाळून ठेवावी, धन्याने उघड्या भुईवर मांडी घालावी आणि फिर्यादी येईल त्याने समोर तैसीच मांडी घालून धन्याच्या गुडघ्यास गुडघा लावावा. मग गुडघा लागला आहे तोवर तो जे बोलेल त्याबद्दल त्यास कोणी पुढे दटावू नये, आणि धनी जो हुकूम करील तो त्या भुईवरच पक्का. परंतु चाल घालणारे मूळपुरुष मोठे चोखंदळ. त्यांनी एक शेवट लावोन ठेविला होता की, जो धनी भुईवरून आपल्या बळे उठेल त्याचाच शब्द उठेल. ज्यास दुसऱ्याने उचलोन उठविले त्याचे ते दिवसाचे सारे हुकूम भुईसच राहतील, आणि पुढल्या भुईदरबारापर्यंत ते पुन्हा करिता येणार नाहीत. मूळपुरुषांचे गुडघे धड होते, म्हणोन हा नियम करताना त्यांस काही जड गेले नाही.

ते मार्गशीर्षात भुईदरबार भरला आणि नदीकाठची भागू कोळीण दरवर्षीप्रमाणे पहिली पुढे आली. तिचा नवरा रामा नदीच्या उतारावर नाव चालवी, आणि पैलतीरची दहा गावे त्या एका नावेवर जीव टाकून येत जात. भागूने बैठक मारली, लुगडे सावरले, बाईसाहेबांच्या गुडघ्यास आपला गुडघा ठोकला आणि बोलली, "बाई, औंदा बी त्येच. नावंची बुडाची फळी कुजलीया. पाय ठिवला की पानी वर येतंया. तुमचं पंत म्हनत्यात नवी बसवली. नवी असंल तर त्यास्नी म्हनावं, बसा की नावंत, जाऊ पल्याड." दरबार हसला. कारभारी आप्पाजीपंत मागे उभे होते, ते म्हणाले, "भागू, तोंड सांभाळ." भागू म्हणाली, "वरीसभर सांभाळतीया की पंत. आज बाईचा गुडघा हाय माझ्या गुडघ्याला, आज न्हाई सांभाळायची." बाईसाहेब हसल्या आणि तिचे कपाळ, तिचे डोळे, तिच्या हाताचे घट्टे हे सारे वीतभर अंतरावरून पाहोन त्यांनी हुकूम केला की नाव दुरुस्त व्हावी. मग दरबार उरकला, बाईसाहेब उठू लागल्या, आणि उठता उठता त्यांचा उजवा गुडघा ऐसा वाजला की मागल्या रांगेतील म्हाताऱ्यांनी आपापला गुडघा चाचपून पाहिला. भागू जाता जाता बोलली, "बाई, त्येल घाला. आमचं वल्हं बी आसंच कुरकुरतंया, पर त्येला मी त्येल घालती. तुमाला कोन घालतंया?" सर्व हसले, बाईसाहेबही हसल्या, परंतु पाय भुईवर टेकताना दात आवळले ते एका वैद्यीणबाईंनी पाहिले.

त्या वेणूताई. वैद्यकी त्यांच्या घरी पिढीजात नव्हती. परमुलुखी शिकून, काचेच्या नळ्यांत डोळे घालून त्यांनी ती मिळविली होती, आणि राज्याने त्यांस एक प्रयोगशाळा बांधोन देऊन पुढे ती विसरली होती. बाईसाहेबांनी त्यांस बोलावून विचारिले, "ताई, हे काय वाजते?" वेणूताईंनी यंत्राने हाडांचे चित्र काढिले, गुडघा दाबून पाहिला आणि अर्ज केला, "सरकार, दोन हाडांचे टोकांवर कूर्चेचा थर असतो. शहाळ्यातील मलईसारखा मऊ, परंतु वर्षानुवर्षे भार वाहतो. त्यास रक्त पोचत नाही, म्हणोन जखम झाली तर भरत नाही. त्यास मज्जातंतूही नाही, म्हणोन झिजताना तो ओरडत नाही. ओरड होते तेव्हा बहुत गेलेले असते." बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे आमच्या रयतेसारखेच." वेणूताई म्हणाल्या, "तैसेच. आणि त्या थरावर आणखी एक पातळ लेप असतो वंगणाच्या रेणूंचा. प्रत्येक रेणू मोरचेलासारखा. त्याच्या पिसांत पाणी अडकून राहते आणि त्या पाण्यावर हाड घसरते. बर्फ बर्फावर घसरेल त्याहून गुळगुळीत. आपला थर फाटला आहे, आणि फाटक्या जागी हे रेणू टिकत नाहीत. जेथे गरज अधिक तेथेच कोरडे पडते." "मग उपाय?" "मी नवा रेणू केला आहे. त्याचे एक टोक फाटक्या कूर्चेस चिकटोन धरते, दुसरे टोक पाणी धरोन घसरू देते. सुईने सांध्यात सोडावा. झीज थांबेल, आणि खालचा थर आपल्या चालीने सावकाश सावरेल; पूर्ववत होईल ऐसे मी म्हणत नाही, परंतु भुईवर बसाल आणि उठाल." बाईसाहेबांचे डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी ओघळू दिले नाही, आणि म्हणाल्या, "ताई, आम्हांस नाचायचे नाही. वर्षातून एकदा बसायचे आणि उठायचे. एवढे करा."

आता येथे ताटाची हकीकत सांगणे प्राप्त. पूर्वी कोणा एका धन्यास मलमातून विष घातले होते. ते मलम हातास चिकटोन राहिले आणि धनी गेले. तेव्हापासोन चाल पडली की, धन्याच्या देहास लागणारी कोणतीही वस्तू आधी रुप्याच्या ताटात ओतावी, ताट कलते करावे, आणि वस्तू वाहोन गेल्यावर ताटास काही लागून राहिले तर ती वस्तू दरबारी वर्ज्य. 'ताटास लागले ते देहास न लागो' हे वचन रंगमहालाचे दारावर कोरलेले. हे काम पाहणारे ताटदार लिंबाजीराव. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या ताट कलते करण्यापलीकडे काही केले नव्हते, परंतु ते इतके उत्तम केले की इनाम चालू होते. वेणूताईंनी आपले वंगण आणिले, लिंबाजीरावांनी ताट कलते केले, वंगण वाहिले, आणि ताटावर एक पातळ पडदा राहिला, फुंकरीनेही न हलणारा. लिंबाजीरावांनी बोट फिरविले, बोट उजेडास धरिले आणि भरल्या दरबारी गंभीर स्वरे बोलले, "लागले." कारभारी आप्पाजीपंत म्हणाले, "हरे हरे." वेणूताई म्हणाल्या, "लागलेच पाहिजे! लागते म्हणोनच ते औषध आहे. जे लागत नाही ते राहणार कोठे?" लिंबाजीराव म्हणाले, "बाई, कोठे राहावे हे वैद्याने पाहावे. आम्ही ताट पाहतो." वेणूताई म्हणाल्या, "रावसाहेब, ताट म्हणजे गुडघा नव्हे." लिंबाजीराव म्हणाले, "असे आमच्या आज्यालाही एकजण म्हणाला होता." तो कोण आणि त्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारिले नाही, आणि वाद संपला.

मग आप्पाजीपंतांनी तोड काढिली. आप्पाजीपंत लबाड नव्हते ऐसे म्हणवत नाही, परंतु लबाडीपेक्षा त्यांस आराम अधिक प्रिय होता, आणि भुईदरबाराचा दिवस त्यांस वर्षभर पोटात दुखे. ते मधाळ बोलिले, "ताईसाहेब, दोन टोके आहेत म्हणता. घसरणारे टोक उत्तम आहे, त्यास कोणाची हरकत नाही. चिकटणारे तेवढे कापून टाका. झाले!" दरबार 'वाहवा' म्हणाला. वेणूताई बाईसाहेबांकडे वळोन म्हणाल्या, "सरकार, धरणारे टोक कापले तर जे उरेल ते फार सुंदर घसरेल, आणि घसरत घसरत निघून जाईल. ताटाचा नियम एकदा बाजूस ठेवा. आपल्याच देहासाठी." बाईसाहेब बोलिल्या, "ताई, तुमचे खरे असेल. परंतु गैरसोयीचा म्हणोन ताटाचा नियम आज आम्ही मोडला, तर गैरसोयीचा म्हणोन भुईदरबाराचा नियम उद्या हे कारभारी मोडतील. मग आम्ही यांस कोणत्या तोंडाने अडवावे? आणि खरे सांगू? आमच्या भोवती चिकटोन बसलेले पुष्कळ आहेत. देहाच्या आतही एक नको." ह्यावर चिकटोन बसलेले पुष्कळ हसले. वेणूताईंनी मुजरा केला आणि प्रयोगशाळेत जाऊन आपल्याच रेणूचा हात आपल्या हाताने कापिला.

ते हात तुटलेले वंगण ताटात ओतिले तो ऐसे घसरले की लिंबाजीराव ताट कलते करितात न करितात तोच वंगण भुईवर गेले, आणि ताट आरशासारखे. लिंबाजीरावांनी त्यात आपली मिशी पाहिली. मग सुई दिली, आणि बाईसाहेब दुसरे दिवशी सज्ज्यात काठीवाचून फिरल्या, देवघरात मांडी घालून बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या, आणि लहान मुलीसारख्या एकट्याच हसल्या. नगरात साखर वाटली. पंधरवडा लोटला तो पुन्हा 'कट्ट' ऐसा आवाज आला. पुन्हा सुई, पुन्हा पंधरवडाभर सुख, पुन्हा कट्ट. वेणूताई दर वेळी सुई देत आणि दर वेळी तेच म्हणत, "सरकार, हे राहत नाही. आपण सुखात चालता, आणि ते निघून गेल्यावरही त्याच सवयीने चालता, तेव्हा कोरड्यावर कोरडे घासते. पूर्वी दुखत होते म्हणोन जपत होता." बाईसाहेब म्हणत, "दरबारापुरते टिकेल ना?" वेणूताई सुई पुसोन ठेवीत. इकडे आप्पाजीपंतांनी नावेच्या फळीवर डांबराचा एक हात मारविला आणि दफ्तरी 'नाव दुरुस्त' ऐसे लिहविले.

पुढील साल विकृतीनाम संवत्सर, मार्गशीर्ष आला. सकाळीच सुई टोचली आणि बाईसाहेब भुईवर बसल्या. बसणे साधले, सर्वांनी श्वास सोडिला. भागू पुढे झाली, गुडघ्यास गुडघा लाविला आणि दचकली. हळूच म्हणाली, "बाई, गुडघा तापलाय तुमचा." बाईसाहेब म्हणाल्या, "तू तुझी फिर्याद सांग." "फिर्याद कसली, डांबर फासलं वरनं. पावसाच्या पैल्या पान्यात निघून ग्येलं. बाई, वरनं फासून काय व्हतंया? फळी धरंल आसं काय तरी ठोका की. रामा म्हनतो, औंदाच्या पुरात न्हाई निभायची." बाईसाहेब आप्पाजीपंतांकडे वळल्या नाहीत, भागूच्या डोळ्यांतच पाहत बोलिल्या, "नवी फळी. सागवानी. पूर येण्याआधी. हा आमचा हुकूम." भागूने त्यांच्या गुडघ्यावरून अलगद हात फिरविला, जैसा म्हशीच्या सुजल्या पायावरून फिरवावा, आणि म्हणाली, "आता उटा बाई, लई येळ बसला." बाईसाहेब उठू लागल्या. उजवा पाय टेकिला, तो आतून ऐसा करकरला की समोरच्या फिर्यादींनी माना खाली घातल्या. पुन्हा टेकिला. तिसऱ्यांदा टेकिला, कपाळावर घाम आला, आणि तोल गेला, तो भागूने पुढे होऊन त्यांस दोन्ही हातांनी धरिले व उभे केले. कोळणीस नियम आठवला नाही. तिच्यापुढे एक बाई पडत होती. आप्पाजीपंत दुःखाने मान हालवीत बोलिले, "अरेरे. दुसऱ्याने उचलले. हुकूम भुईस राहिले." भागूस तेव्हा कळो आले की आपण काय केले, आणि तिने तोंडात पदर कोंबला. बाईसाहेब म्हणाल्या, "तुझा काही दोष नाही, भागू." आणि खरेच नव्हता. परंतु फळीचा हुकूम त्या भुईवरच पडोन राहिला, आणि दुसरे दिवशी झाडणाऱ्यांनी भुई झाडली.

मग श्रावण आला, नदी चढली, आणि पैलतीरच्या बाजाराचे दिवशी नाव मध्यधारेत बुडातून उकलली. काही पोहोन निघाले, काही निघाले नाहीत. रामा कोळी एका पोरीस काठास लावून दुसरीसाठी परत गेला तो परत आला नाही. ही बातमी दरबारी पोचली नाही. पोचली म्हणावे तर आप्पाजीपंतांपर्यंत पोचली, आणि तेथे तिची फोड होऊन बाईसाहेबांपुढे गेली ती ऐसी की, 'पर्जन्य उत्तम, नदी भरोन वाहते.' दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ऐसे कारभारी राज्यांस नवसाने मिळतात.

बाईसाहेब त्या दिवसांत पलंगावर असत. सुया वाढल्या आणि सुख कमी झाले, पंधरवड्याचे चार दिवस, चाराचा एक. भुईदरबाराचा मास जवळ आला तैसा त्यांचा धीर सुटला आणि एके दुपारी त्यांनी वेणूताईंस आणविले, दार लावून घेतले व बोलिल्या, "ताई, ते ताट गेले खड्ड्यात. ते तुमचे पहिले आणा, धरणारे. आम्ही नियम मोडतो. लिंबाजीरावांस सांगू की धनी वेडे झाले." वेणूताई उभ्याच राहिल्या. "बोला ना ताई. दोन वर्षे तुम्हीच म्हणत होता." वेणूताईंनी नव्याने काढलेले हाडांचे चित्र खिडकीकडे धरिले आणि बोट ठेवून दाखविले. पूर्वी दोन हाडांमध्ये जेथे काळी फट दिसे, तेथे आता फट नव्हती. पांढऱ्यावर पांढरे बसले होते. म्हणाल्या, "सरकार, तो रेणू फाटक्या कूर्चेस धरतो. फाटकी चालते. विरलेली चालते. परंतु थोडी तरी असावी लागते." बाईसाहेबांनी चित्राकडे पाहिले. "म्हणजे?" "म्हणजे आता धरायला काही उरले नाही. हाडावर हाड आहे. हाडास तो चिकटत नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "परमुलुखी म्हणे लोखंडाचा सांधा बसवितात." वेणूताई म्हणाल्या, "बसवितात, आणि त्याने चालाल. परंतु भुईवर मांडी घालू नये ऐसे तेच सांगतात." बाईसाहेब हसल्या. "ताई, तुम्ही तेव्हा चोरून का नाही हो दिलेत? आम्हांस काय कळणार होते?" वेणूताई म्हणाल्या, "आपण नको म्हणाला होता." आणि त्या दोघी, एक नियमाने वागलेली आणि दुसरी हुकुमाने वागलेली, एकमेकींस दोष न देता दिवे लागेतो बसोन राहिल्या.

खरनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया. धनी भुईवर बसू शकत नाहीत, सबब आप्पाजीपंतांनी सर्वांच्या सोयीसाठी एक उंच खुर्ची करविली. मखमल लाविली, पाय टेकावयास चौरंग दिला आणि आपण खुर्चीचे मागे उभे राहिले. दरबारास नाव तेच ठेविले, कारण नाव बदलले तर लोक हरकत घेतात, वस्तू बदलली तर घेत नाहीत. भागू कोळीण पहिली पुढे आली. सवयीने मांडी घालून बसली, सवयीने गुडघा पुढे सरकविला, तो चौरंगाच्या पायास लागला. तिने वर पाहिले. वर पाहण्यास मान फार मोडावी लागली, आणि वर पाहिले तो बाईसाहेबांच्या खांद्यावरून आप्पाजीपंत हसत होते. तिने मान खाली घातली आणि डोईवरचा पदर पुढे ओढिला. बाईसाहेब पुढे वाकल्या, जितके वाकवले तितक्या, आणि म्हणाल्या, "भागू, बोल ना. नाव कशी आहे? रामा कसा आहे?" भागू चौरंगाकडे पाहत होती. खाली काहीतरी बोलली, ऐकू आले नाही. आप्पाजीपंत म्हणाले, "मोठ्याने बोल हो, घाबरू नको." तेव्हा जी आजवर 'बाई' म्हणत आली ती भागू स्पष्ट बोलिली, "समदं कुशल हाय, सरकार." बाईसाहेबांचा हात खुर्चीच्या मखमलीवर आवळला. वरून त्यांस तिच्या डोईवरचा पदर दिसत होता, पदराची फाटकी किनार दिसत होती. गुडघ्यास गुडघा लागता तर कपाळ दिसले असते, आणि त्यावर कुंकू नाही हेही दिसले असते. भागू उठली, आपल्या बळे उठली, आणि गेली. तिच्यामागून जे जे आले ते ते कुशलच होते, आणि दरबार दुपारच्या आत आटोपला. ऐसा झटपट आणि तक्रारीवाचून दरबार पूर्वी कधी झाला नव्हता, म्हणोन आप्पाजीपंतांनी पेढे वाटले.

एकूण गोषवारा ऐसा. लिंबाजीरावांचे ताट अद्याप लखलखीत आहे व चिरंजीवांस त्याची तालीम चालू आहे. वेणूताईंचे धरणारे वंगण कुपीत तैसेच आहे. कुपी उपडी केली तरी काचेस धरोन राहते. उतारावर नाव नाही, लोक वळसा घालून जातात. बाईसाहेबांस गुडघ्याची आता फार वेदना होत नाही, कारण त्या उठतच नाहीत. राज्यात कोठे काही वाजत नाही. सर्व कुशल.